ह च्या पोटातला र

...हां, तर काल आपण घासलेटाच्या चिंधीपाशी थांबलो होतो. मध्ये चहा आला आणि माझी गाडी भलत्याच रुळावर गेली. तर पेंटर रोज संध्याकाळी पायरीवर बसायचा, चिंधी घासलेटात बुडवायचा आणि डावी टाच खसाखसा घासायचा. टाचेवर मसुराएवढा काळा ठिपका होता. आता पाट्या रंगवणाऱ्याच्या अंगावरच्या ठिपक्याकडे कोण लक्ष देतो? आज कोपरावर हिरवा, उद्या कानावर पिवळा. "काळा रंग हट्टी असतो," एवढंच म्हणायचा आणि घासत राहायचा.

वर्षभर घासली. वहिनी, म्हणजे त्याची बायको, एकदा म्हणाली, "अहो, तुमच्या पाट्यांचा रंग दोन पावसाळ्यांत उडतो. हा टाचेवरचाच एवढा पक्का कसा?"

घासलेट हरलं म्हणून टर्पेंटाइन आणलं. तेही हरलं. मग एक दिवस ठिपक्यातून रक्त आलं, तेव्हा कुठं स्वारी दवाखान्यात गेली. तो रंग नव्हताच. कातडीचा कॅन्सर होता. डॉक्टरांनी टाचेची बिस्किटाएवढी कातडी काढली आणि मांडीची आणून तिथं लावली. हा पठ्ठ्या लंगडत घरी आला आणि मला म्हणाला, "मास्तर, चाळीस वर्षांत एकच रंग पक्का लागला, आणि तोही माझा नाही!"

मास्तर म्हणजे मी. कसला मास्तर नि कसलं काय! गावच्या शाळेत मी चौथीपर्यंत तग धरला, हा तिसरीतच पसार झाला. तेवढ्या एका इयत्तेच्या जोरावर त्यानं मला जन्माचा मास्तर करून टाकलं. पुढं दोघंही पोटासाठी शहरात आलो. मी सायकली दुरुस्त करू लागलो, तो पाट्या रंगवू लागला. एखादा शब्द अडला की माझ्या दुकानासमोर येऊन उभा राहायचा. ही गोष्ट गाठीशी ठेवा, पुढं लागणार आहे.

त्याची कामाची खोली तुम्ही पाहायला हवी होती. दहा पावलं लांब, सहा पावलं रुंद. कपाटावर डबे, डब्यांवर झाकणं, झाकणांवर वाळलेल्या रंगाची साय. खिडकीखालच्या भिंतीवर तो ब्रश पुसायचा. इतकी वर्षं पुसून पुसून त्या भिंतीवर बोटभर जाडीचा थर चढला होता. एकदा एक गिऱ्हाईक त्या भिंतीकडे टक लावून बघत राहिलं आणि म्हणालं, "हे चित्र फार खोल आहे हो." पेंटर म्हणाला, "खोल नाही, वर आलंय. हात लावून बघा."

त्याचा एक नियम मात्र दगडावरची रेघ. पाटीला रंगाचे दोन हात. पहिला हात द्यायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा. त्याशिवाय पाटी खोलीबाहेर जाणार नाही. एका न्हाव्याला दुकान उघडायची घाई होती. तो पाटी मागायला आला तर हा म्हणाला, "एक हात झालाय, दुसरा परवा."

न्हावी म्हणाला, "अरे, लांबून कुणाला कळतंय?"

हा म्हणाला, "तू एकाच गालाची दाढी करून गिऱ्हाईक उठवतोस का?"

न्हाव्यानं दोन दिवस बिनपाटीचं दुकान चालवलं. करतो काय!

असो. टाचेचं झालं, त्याला चार वर्षं लोटली. पहिली दोन वर्षं तपासणीला गेला, मग "मला काय धाड भरलीय" म्हणून जायचं सोडलं. आणि गेल्या साली एका बेकरीची पाटी लिहिताना शिडीवरच त्याला धाप लागली. छातीवर कुणी रंगाचा भरला डबा ठेवल्यासारखं झालं म्हणाला. आम्ही त्याला रिक्षात घातला आणि मोठ्या दवाखान्यात नेला.

तिथं छातीला तारा लावून पट्टी काढली. पट्टी बघून सगळे म्हणाले, हार्ट अटॅक. मग हृदयाच्या नळ्या तपासल्या, तर त्या धुतल्यासारख्या स्वच्छ. सगळे बुचकळ्यात. तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होती, बोलायला पटपट, नजरेला ससाणा. तिनं हृदयाची सोनोग्राफी केली, मग त्या बोगद्यासारख्या मोठ्या मशीनमध्ये घातलं आणि शेवटी येऊन खाटेच्या कडेवर बसली.

"काका, पूर्वी कधी काही कापून काढलंय का?"

पेंटरनं पांघरुणातून टाच बाहेर काढून दाखवली.

बाईनं मान हलवली. मग तिनं समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. हृदय म्हणजे एक मूठ, सारखी आवळणारी आणि सुटणारी. त्या मुठीच्या मांसातच एक गाठ बसली होती. कॅन्सर मुळात हृदयात जन्माला येणं फार दुर्मिळ, तो तिथं पाहुणा म्हणून दुसरीकडून येतो. आणि टाचेवरच्या या काळ्या जातीला हृदयाची वाट जरा जास्तच माहीत असते. रक्तातून फिरत फिरत ती कधी तिथं जाऊन बसली, कुणाला पत्ता नाही. जांघेतही एक गाठ लागली. तिचा तुकडा तपासला, तर तीच जात.

वहिनी भिंतीला टेकून उभी होती. पेंटरनं टाच पुन्हा पांघरुणात ओढून घेतली. मग म्हणाला, "बाई, म्हणजे मी टाचेवर घासत बसलो आणि हा वरच्या मजल्यावर राहायला गेला?"

बाईला हसावं की नको कळेना. ती म्हणाली, "काका, पूर्ण बरं होईल असं मी म्हणणार नाही. पण आता औषधं आली आहेत. दर तीन आठवड्यांनी एक सलाईन. शरीराच्या शिपायांना जागं करतं ते, मग शिपाईच गाठीवर धावून जातात. काहींना चांगला गुण येतो, काहींना नाही. पण एका सलाईननं काही कळत नाही. नेमानं यावं लागेल. आणि शिडी बंद. हृदयाचा ताल कधी बिघडेल सांगता येत नाही."

"शिडी बंद" म्हटल्यावर मात्र त्याचा चेहरा पडला. कॅन्सरनं पडला नव्हता तेवढा.

आता खरी गंमत ऐका. त्याच्या शेजारच्या खाटेवर छापखान्यातला एक म्हातारा जुळारी होता. जन्मभर शिशाचे खिळे जुळवलेला माणूस, त्यामुळे डोळ्याला चूक दिसली की त्याला खाज सुटायची. वॉर्डाच्या दारावर लाकडी पाटी होती, पांढऱ्यावर लाल अक्षरं: "ह्रदयरोग विभाग". जुळारी तिच्याकडे बघून रोज च्यक् च्यक् करायचा. एक दिवस म्हणाला, "कुठल्या गाढवानं लिहिलीय ही पाटी?"

पेंटर म्हणाला, "या गाढवानं. एकतीस वर्षं झाली. का हो, अक्षर वाईट आहे?"

"अक्षर मोत्यासारखं आहे. पण ह च्या पोटात र घातलाय तुम्ही! तिरकी रेघ मारलीय बघा. तिथं ऋकार पाहिजे, वळणाचा. ह्रद म्हणजे पाण्याचा डोह. म्हणजे आपण दोघं इथं डोहाच्या रोगावर झोपलोय!"

पेंटर उठून बसला. मी तिथंच स्टुलावर होतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मी खिडकीबाहेर पाहिलं. कारण एकतीस वर्षांपूर्वी तो माझ्या दुकानासमोर येऊन म्हणाला होता, "मास्तर, हृदय कसं लिहायचं?" आणि मी चाकाची हवा बघत, मान वर न करता सांगितलं होतं, "ह ला र जोड, पुढं दय. सोपं आहे."

पण गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. जुळाऱ्यानं उशाचा केसपेपर उचलला. त्यावर छापलेलं: ह्रदयरोग. चादरीच्या कोपऱ्यावरचा शिक्का: ह्रदयरोग. रुग्णवाहिकेच्या पाठीवरही तेच. सगळ्यांनी पाटी बघून बघून उतरवून घेतलेलं! पेंटर केसपेपर हातात धरून हसायला लागला. इतका हसला की नर्स धावत आली.

"मास्तर," तो म्हणाला, "टाचेवरचा ठिपका हृदयात गेला म्हणून मी कुरकुरत होतो. आणि माझी एक रेघ बघ, चादरीपर्यंत पोचली!"

त्या दिवसापासून त्याला एकच ध्यास. पाटी सुधारायची.

दोन दिवसांनी पहिलं सलाईन लागलं. संध्याकाळी त्याला अशी थंडी भरली की खाट खडखडली. ताप आला, अंगाला खाज सुटली. दोन दिवस तोंडात पाणी राहिना. तिसऱ्या दिवशी बरा झाला, पांघरूण बाजूला केलं आणि जाहीर केलं, "एक झालं. बस. पुन्हा नाही."

वहिनी म्हणाली, "अहो, बाई काय म्हणाल्या, एकानं काही कळत नाही."

"मला कळलं की. खाट नाचते, एवढं कळलं."

"थट्टा पुरे. तुम्ही येणार आहात की नाही पुढच्या सलाईनला?"

"पाटीचं काय ते बघा आधी."

वहिनी माझ्याकडे वळली. डोळे भरलेले, पण आवाज खणखणीत. "भावजी, तुम्ही सांगा यांना. माझं ऐकायची सवय नाही यांना, तुमचं ऐकून पाट्या तरी लिहितात."

बसला तीर! मी काय सांगणार? मी सांगितलेलं दारावरच टांगलं होतं ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सनं आरडाओरडा केला. पेंटर दिवे बदलणाऱ्याच्या शिडीच्या दुसऱ्या पायरीवर सापडला. खिशात सुईएवढा ब्रश आणि औषधाच्या टोपणात लाल रंग. ब्रश वहिनीच्या पिशवीतून पळवला होता. रंग कुठून आणला ते अजून मला सांगत नाही. डॉक्टरीणबाई आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काका, खाली."

"दोन मिनिटांचं काम आहे, बाई."

"तुमच्या हृदयाला दोन मिनिटं पुरतात. उतरा."

उतरला बिचारा. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला. जुळारीसुद्धा दिवसभर च्यक् म्हणाला नाही. वहिनी बाहेर बाकावर बसून पिशवीचा बंद सोडत होती आणि पुन्हा बांधत होती. मला वाटलं, आता हा घरी जाणार आणि परत काही येणार नाही. खोटं कशाला सांगू, मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पण ती बाई वेगळ्याच मातीची निघाली. दुसऱ्या दिवशी, घरी सोडायच्या आधी, तिनं दोन माणसं लावून पाटी खाली उतरवली आणि व्हरांड्यात दोन स्टुलांवर आडवी ठेवली. समोर खुर्ची. पेंटरच्या बोटाला नाडी दाखवणारा चिमटा लावला. म्हणाली, "शिडी वर जात नसेल तर पाटी खाली येईल. बसून करायचं. दम लागला तर थांबायचं."

आणि मग बघावं त्याला! पाटीवरची धूळ त्यानं फुंकरीनं उडवली, ओल्या फडक्यानं पुसली. वहिनीनं घरून रंगाचे दोन डबे आणले होते. काठी आडवी धरून तिच्यावर मनगट टेकलं. ब्रश धरला तसा हात दगड झाला. आधी पांढरा घेऊन ह च्या पोटातली तिरकी रेघ बुजवली. ती वाळेपर्यंत सगळ्यांनी चहा घेतला. मग लाल. जुळारी खाटेवरून उठून आला होता आणि शेजारी बसून सूचना देत होता.

"गोल घ्या, गोल. खाली सोडा. आता आत वळवा."

"तुम्ही शिसं जुळवलंत हो, मी वळण जुळवतोय. श्वास धरा थोडा."

"श्वास तुम्ही धरू नका," डॉक्टरीणबाई चिमट्याकडे बघत म्हणाली.

आणि ऋकार उतरला. कसा सांगू, ह नं एकतीस वर्षांनी मांडी घालून बसावं तसा! जुळाऱ्यानं जवळ जाऊन पाहिलं, दूर जाऊन पाहिलं, आणि त्याच्या तोंडून च्यक् न येता "वा" आलं.

डॉक्टरीणबाईनं विचारलं, "काका, मुळात हे चुकीचं शिकवलं कुणी तुम्हाला?"

मी चहाच्या कपात तोंड घातलं. पेंटर ब्रश पुसत म्हणाला, "होते एक मास्तर. फार विद्वान. सध्या हवा भरतात."

वहिनी इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. पण हसता हसताच तिनं पेंटरकडे पाहिलं, आणि पुढचा प्रश्न तिच्या डोळ्यांत होता. तो विचारायचं धाडस ना तिला झालं ना मला. शेवटी डॉक्टरीणबाईनंच पाटीकडे बोट करून विचारलं, "झालं ना काका पूर्ण? लावायची का दारावर?"

पेंटरनं डब्याचं झाकण बसवलं, अंगठ्यानं दाबलं आणि म्हणाला, "झालं कसं, बाई? हा तर पहिला हात. एका हातानं कधी रंग बसतो का? नीट वाळू द्या, तोवर कुणी बोट लावायचं नाही, आणि तीन आठवड्यांनी सलाईनला येईन तेव्हा दुसरा हात देतो."