बायकांसाठीची एकच खुर्ची

ऑफिसात सगळे त्यांना पूलवाल्या बाई म्हणायचे. दोराला लटकून खांब तपासण्यात त्यांची उमर गेली होती. टीव्हीवर पुलांबद्दल बोलायला मात्र कायम निवृत्त झालेले मोठे साहेब जायचे. निघण्याआधी त्यांचा फोन यायचा, "अगं, दोन मुद्दे सांग पटकन." बाई भाजी चिरता चिरता सांगायच्या. त्यात त्यांना कधी काही वावगं वाटलं नाही.

मग नदीवरच्या मोठ्या पुलाला तडा गेला, पूल बंद झाला आणि त्या संध्याकाळी चॅनेलवर साहेबांच्या शेजारी धाकटी दिसली. धाकटी म्हणजे बाईंच्याच हाताखाली तयार झालेली इंजिनिअर.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बघा, कशी नटून बसलीये!" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "खांबावर चढताना हिचे पाय लटपटायचे."

"बोलतेय तर छान."

"शब्द माझे आहेत. तोंड तेवढं तिचं."

ती कुठे अडखळते, याची बाई वाट बघत राहिल्या. ती अडखळलीच नाही. शेवटी निवेदकाने हसत विचारलं, "घर सांभाळून हे सगळं कसं जमवता?" धाकटीचा चेहरा उतरला. बाईंना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

नवरा म्हणाला, "साहेब इतकी वर्षं तुझेच शब्द वापरतात. तेव्हा नाही कधी तुझ्या पोटात दुखलं."

साहेबांची खुर्ची आपली असू शकते, हे बाईंच्या कधी मनातच आलं नव्हतं. बायकांसाठी म्हणून एक खुर्ची होती आणि ती धाकटीने पटकावली, एवढंच डोळ्यांत खुपत होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन. "आज परत बोलावलंय. सांग मुद्दे."

"आज मीच जाते."

"अगं, पण लेडीज आहे की त्यांच्याकडे!"

"लेडीज म्हणून नाही. तुमच्या जागी जाते."

साहेब हसले. बाई हसल्या नाहीत. "तसा माझा घसाही बसलाय," म्हणत साहेबांनी चॅनेलवाल्याचा नंबर दिला.

कार्यक्रमात धाकटी म्हणाली, पूल पाडा. बाई म्हणाल्या, खांब ठणठणीत आहेत, वरचा भाग बदला.

"बाई, पाया धुपला की दयामाया दाखवायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत!"

"पाया बघितलास? मी पाण्यात उतरून आलेय."

दोघींची चांगलीच जुंपली. कितीतरी दिवसांत बाईंना इतकी मजा आली नव्हती.

सकाळी ऑफिसात हशा पिकला होता. "काल काय नळावरचं भांडण झालं हो!" साहेब त्याच पडद्यावर दुसऱ्या इंजिनिअरवर खेकसायचे, तेव्हा त्याला हेच लोक चर्चा म्हणत.

चहाच्या वेळी धाकटी जवळ आली. "पुढच्या आठवड्यात मला परत बोलावलंय. तुम्हाला?"

"नाही." चहा एकदम कडू लागला. "मुद्दे सांगू?"

"नको बाई. आहेत माझे."

उत्तर बाईंना आवडलंही आणि झोंबलंही. संध्याकाळी त्यांनी चॅनेलला फोन लावला.

"बायकांची जागा भरलीये हो," तिकडचा म्हणाला.

"पुरुषांच्या किती आहेत?"

"तीन."

"त्यातली एक द्या."

"विचारून सांगतो," म्हणाला. बाई फोनजवळ बसून राहिल्या. धाकटी त्या दिवशी काय घालून येईल, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना.