मशीनमागची गुणगुण

टाइल्सच्या गोदामात त्याला सगळे टकटकशेठ म्हणत. माल उतरला की खोक्यातली टाइल तो बोटाने वाजवून बघे. खणखणीत वाजली तर चांगली, बद्द वाजली तर तडा. असं सगळेच गोदामवाले करतात. पण हा ते आवाज मोबाइलमध्ये भरून घरी नेई, कॉम्प्युटरवर कापे, ताणे, त्यावर कीबोर्डचे सूर चढवी आणि त्यातून संगीत तयार करी. हमाल म्हणत, "शेठ, आमच्या शिव्यांचंही एक गाणं होऊन जाऊ द्या की!"

घरी मात्र हे कुणाला गमतीचं वाटत नसे. आतल्या खोलीत त्याचं टेबल, बाहेरच्या खोलीत बायकोचं शिलाई मशीन. ती जवळच्या एका हॉलमध्ये शिवणाचे वर्ग घेई आणि उरलेलं काम घरी आणी. हा कामावरून आला की कानाला हेडफोन. घरात स्पीकर त्याने कधी घेतलाच नाही. "माझ्या छंदाचा कुणाला त्रास नको," असं तो अभिमानाने सांगे. बायकोने हाका मारून मारून शेवटी एक युक्ती काढली होती. जेवायला वाढलं की ती त्याच्या खोलीचा पंखा बंद करी. उकडलं की स्वारी आपोआप बाहेर येई. मुलगी लहानपणी हे मैत्रिणींना हसत सांगायची. मोठी झाल्यावर सांगायचं तिने बंद केलं.

एकदा त्याला शिलाई मशीनचा आवाज हवा होता. त्याने माइक मशीनला टेकवून ठेवला. बायकोने पाय चालवला आणि सवयीप्रमाणे गुणगुणायला लागली. शब्द नव्हते, नुसता सूर.

"अगं, गप्प बस ना जरा! सगळं रेकॉर्डिंग बिघडवलंस."

"अहो, मशीन चाललं की माझं तोंड चालतंच."

"मग आज बंद ठेव."

मुलगी शेजारी बसून शर्टाला बटणं लावत होती. तिने आईकडे पाहिलं. आईने ओठ मिटले आणि कापड पुढे सरकवलं. त्यानंतर आतल्या खोलीचं दार उघडं असलं, की ती मुकाट्याने शिवायची.

मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. पुढे बायको आजारी पडली आणि त्या दुखण्यातून उठली नाही. वर्गातल्या बायकांनी तिच्या आठवणीसाठी एक कार्यक्रम ठरवला, तेव्हा मुलीचा फोन आला. एरवी ती जुजबी बोलून ठेवून द्यायची.

"बाबा, आईचे फोटो ढीगभर आहेत. पण तिची ती गुणगुण आहे का हो तुमच्याकडे?"

"आहे."

"खरंच?"

"तू ये तर खरी. सगळ्यांसमोर ऐकवतो."

त्याच्या छंदातलं काही तिने आपणहून मागण्याची ही पहिलीच वेळ. तो हुरळून गेला. ते बिघडलेलं रेकॉर्डिंग त्याने शोधून काढलं आणि त्यातलं स्वतःचं ओरडणं कापून टाकलं. उरला इवलासा तुकडा. तो पुन्हा पुन्हा जोडला, खाली मशीनची लय ठेवली, मधे टाइल्सची टकटक. तरी गुणगुण बारीकच वाटत होती. मग त्याने गुणगुणीची ध्वनिलहर एका कानात सुलट ठेवली आणि दुसऱ्या कानात उलटवली, चढाच्या जागी उतार. असं केलं की हेडफोनमध्ये आवाज पसरतो. हेडफोनमध्ये ती अशी खोलीभर झाली, की त्याने मान वळवून मागे पाहिलं.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉलमधली मशीनं भिंतीला लावली होती. कोपऱ्यात एकच उंच स्पीकर होता. त्याने मोबाइल जोडला. मशीन खडखडलं, टाइल्स वाजल्या. गुणगुणीची जागा आली आणि काहीच आलं नाही. त्याने आवाज वाढवला. मशीन आणखी जोरात खडखडलं. मुलगी पहिल्या रांगेत डोळे मिटून वाट पाहत होती.

तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. दोन्ही बाजू एकाच स्पीकरमधून निघाल्या, की सुलट आणि उलट आवाज एकमेकांना पुसून टाकतात. मशीन राहिलं, टाइल्स राहिल्या. नेमकी ती गेली. हेडफोनशिवाय त्याने ते एकदाही ऐकलं नव्हतं.

"अगदी बाईंचंच मशीन हो!" एक बाई टाळ्या वाजवत म्हणाली.

मुलगी उठून बाहेर गेली. तो हेडफोन घेऊन तिच्यामागे जिन्यापर्यंत धावला. "अगं, आहे ती त्यात! हे कानाला लाव. एका स्पीकरमुळे घोळ झाला, नाहीतर..."

तिने हेडफोनला हातही लावला नाही. "मी तिथेच होते, बाबा. बटणं लावत होते."

"अगं, पण मी ते कापलंय..."

"तेव्हाही तुम्ही तिला गप्प केलंत. आजही तेच." आणि ती जिना उतरून गेली.

घरी येऊन त्याने चूक दुरुस्त केली. एक बटण दाबायचं काम होतं. दुरुस्त केलेलं रेकॉर्डिंग मुलीला मोबाइलवर पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन एक स्पीकर विकत आणला. आता गुणगुण त्या घरात मोकळी वाजते, बारीकशी, आणि त्याने स्वतःचा आवाज कापला होता तिथे येऊन तुटते. मुलीचा फोन आला तर ऐकू यावा, म्हणून तो हेडफोन कानाला लावत नाही. फोन अजून आलेला नाही.