बॅटरी नसलेला दिवा

ताज्या तोडलेल्या उसाचा वास लोकांना गोड वाटतो. मी मात्र तो आला की आधी समोर काय उभं आहे ते बघतो. चुलतभावाने शर्यतीची, बिनदिव्यांची मोटरसायकल आणली आणि स्वतः वायरिंग करून तिला पुढचा-मागचा दिवा बसवला. हार, नारळ, पेढे सगळं यथासांग झालं; बॅटरी तेवढी नव्हती. दिवा थेट इंजिनावर चाले. अंगणात इंजिन गुरगुरवून त्याने लख्ख उजेड पाडला, तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या. दिवस मावळल्यावर मला मागे बसवून तो निमगाव केतकीहून निरवांगीला निघाला. खड्डे लागले तसा मी ओरडलो, "आरं, हळू घे की!" त्याने वेग कमी केला आणि दिवा उदबत्तीएवढा झाला. "हळू घेतली की दिसत न्हाय," म्हणत त्याने पुन्हा गाडी पिळली. तेवढ्यात उसाचा वास आला. "ट्रॉली!" मी त्याचा खांदा आवळून किंचाळलो. त्याने ब्रेक दाबला, इंजिन बंद पडलं, दिवाही गेला. अंधारात घसरत थांबलो, तेव्हा उसाची टोकं त्याच्या छातीला टेकली होती. मागे एकही लाल दिवा नसलेल्या त्या उभ्या ट्रॉलीवरून आवाज आला, "दिवं लावून फिरा की रं!" आजही रसवंतीसमोर उभा राहिलो की माझा हात पुढच्या माणसाचा खांदा शोधतो.