बनियनवरचं इंग्रजी

देवळाली कॅम्पातले आमचे शिंपीकाका चाळीस वर्षं लष्करी ऑफिसरांची मापं घेतायत. माप घेताना बोलत नाहीत, नुसतं ऐकतात.

परवा त्यांच्याकडे कोट घालून बघताना मी माझ्या ऑफिसच्या लंडनच्या साहेबांना लिहिलेला मेसेज मोठ्याने वाचला. साहेबांचे वडील वारले होते. 'वारले' म्हणायला मी इंग्रजी वाक्प्रचारांच्या पुस्तकातलं 'किक्ड द बकेट' ऐटीत वापरलं होतं.

काकांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"ते काढा. ऑफिसर लोक बनियनवर असले की हसत असं बोलतात. युनिफॉर्म चढवला की कधीच नाही."

मी मोबाइल पुढे केला. "मग तुम्हीच बघा."

"मला कुठं इंग्रजी वाचता येतं? तुम्ही वाचा."

मी साधं 'सॉरी' लिहून वाचलं. वाचताना मी नकळत सावधान उभा होतो.