आक्का रडायला देवळात जायची

माझ्या बहिणीला देवळात बसून देवाला शिव्या घालताना मी ऐकलंय.

आज सकाळी ती गेली. शैलाआक्का. कामथडीची. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी.

सहा वर्षांपूर्वी तिची पल्लवी भोरला कॉलेज सुटल्यावर स्कूटीवरून घरी येत होती. हायवेवर टेम्पोनं उडवलं.
एकुलती एक. एकोणीस वर्षांची.

अकरा दिवस पुण्यात आयसीयूत. दाजी आणि मी हॉस्पिटललाच मुक्कामाला. आक्का रोज सकाळी गावातल्या भैरवनाथापुढं डोकं टेकून मग एसटीनं यायची.

अकराव्या दिवशी पल्लवी गेली.

तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी आक्का पुन्हा देवळाकडं निघाली. माझं डोकंच फिरलं. मागोमाग गेलो.

ती गाभाऱ्यासमोर बसून ओरडत होती. "माजीच पोरगी घावली व्हय रं तुला?" आणखीही नको नको ते बोलली. मग उंबऱ्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "त्यानं काही केलं नाही आक्का. कशाला येतेस अजून?"

पदरानं तोंड पुसत म्हणाली, "तुज्यापुढं रडले की तू रडतोस. तुज्या दाजींपुढं रडले की त्यांचं बीपी वाढतंय. मग म्याच तुमाला धरायचं. द्येव रडत न्हाई. त्याच्यावर समदं टाकता येतं."

मला पटलं नाही. खरं सांगतो, अजूनही पुरतं पटलेलं नाही.

पण त्या घरात पुन्हा चूल पेटली ती तिच्यामुळं. दाजींना जेवायला बसवलं तिनंच.

गेल्या महिन्यात कॅन्सरनं तिला अंथरुणाला खिळवलं. एक दिवस म्हणाली, "आज माज्याबदली तू जा. काय बोलू नगो. नुसता बस."

गेलो. अर्धा तास बसलो. मोबाईल दोनदा वाजला, दोनदा कट केला.

परत येऊन सांगितलं, "आक्का, मला काहीच वाटलं नाही गं."

डोळे मिटूनच बोलली, "मलाबी लई दिवस काय वाटत नव्हतं. तरी बसायचे. दुसरीकडं कुठं जाणार व्हते?"

दुपारी सगळं उरकून घरी आलो. दाजी ओट्यावर एकटेच बसले होते. सकाळपासून एकदाही रडलेले नाहीत. त्यांच्याशेजारी जाऊन नुसता बसलोय.

आक्का, सुखानं जा.
दाजींजवळ मी आहे.