पळसाची कॅन

लिंबू-मिरची दिसली की लोक वळसा घालून जातात, मी सरळ त्यावर पाय देऊन जाते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला "तुम्ही मुळात तशाच असाल" म्हणायला नको. नागपूरला मिहानमध्ये एका कंपनीत हिशेब तपासायचं काम करते. आकडा जुळला नाही तर जुळेपर्यंत मी उठत नाही... आणि तरी ही एक गोष्ट माझ्याच्यानं जुळलेली नाही. गेल्या उन्हाळ्यातली आहे. माझ्यासोबत गाडीत आमच्या शेजारच्या कुंदाकाकू होत्या, म्हणून निदान मला वेड लागलेलं नाही एवढी तरी खात्री आहे.

आम्ही सक्करदऱ्याला राहतो. मी, नवरा प्रशांत आणि माझे सासरे. सासरे म्हणजे बाबा – कळमेश्वरच्या एका शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. सगळी नोकरी त्यांनी सक्करदरा ते कळमेश्वर स्कूटरवर जाऊन-येऊन केली. स्वभावानं देवमाणूस, पण एका बाबतीत महाकिरकिरे. पेट्रोल!

"अर्धी टाकी म्हणजे रिकामी टाकी," हे त्यांचं वाक्य आमच्या घरात शुभंकरोतीसारखं रोज ऐकू येई. काटा जरा खाली आला की "पोरी, पंपावर जाऊन ये". आणि गाडीची डिक्की तर विचारूच नका. मी तिला "बाबांचा संसार" म्हणायची. पाण्याच्या बाटल्या, मोठी काळी छत्री, गोणपाट, मीठ-साखरेची पुडी, गूळ-शेंगदाण्याचा डबा, ओढायचा दोर, गाडी बंद पडली तर मागे बांधायला लाल फडकं, उन्हासाठी दोन कांदे. आणि एक रिकामी कॅन. जुनी, पत्र्याची, घट्ट झाकणाची. भरलेली का नाही ठेवत म्हणून मी एकदा विचारलं तर म्हणाले, "उन्हात भडकंल नाही का! पेट्रोल पंपावर भेटते वं, कॅन नाही भेटत."

त्या कॅनवर त्यांनी ऑइलपेंटनं पळसाची फुलं काढली होती. इतकी सुंदर, की कॅन शोकेसमध्ये ठेवावी. भाजी आणायला गेले की माझ्या पिशव्या मागच्या सीटवर... कारण डिक्कीत बाबांचा संसार! मी चिडायची, हसायचीही. ते मात्र दर रविवारी सगळं सामान बाहेर काढून, पुसून, पुन्हा जागच्या जागी लावायचे.

या सगळ्याच्या मुळाशी सासूबाई होत्या. नवीन लग्न झालेलं, भर मे महिन्यात बाबा त्यांना स्कूटरवरून कळमेश्वरला घेऊन निघाले आणि गाव यायच्या आधीच पेट्रोल संपलं. स्कूटर आडवी करून पाहिली, तरी चालू होईना. मग सासूबाईंना रस्त्याकडेच्या एका कडुलिंबाखाली बसवून बाबा पायी पेट्रोल आणायला गेले. पंपवाल्यानं विचारलं, "कशात देऊ?" हे रिकाम्या हातानं गेलेले! डबा शोधता शोधता, कुणाच्या ट्रॅक्टरची वाट पाहता पाहता ऊन कलायला आलं. परत आले तर सासूबाई स्कूटरचं हँडल धरून तिथंच, पदराच्या गाठीत कांदा बांधून. एवढंच म्हणाल्या, "गाडी सोडून नाही गेली मी." आणि रात्रीपर्यंत नवऱ्याशी बोलल्या नाहीत.

"यायनं मले लग्नाच्या वर्षीच झाडाखाली गहाण ठेवलं," असं त्या पुढे आयुष्यभर आल्या-गेल्याला सांगायच्या. बाबा कान पकडायचे. तेव्हापासून त्यांचा नियम ठरला – पेट्रोल संपलं तर एकानं गाडीपाशी थांबायचं, एकानं कॅन घेऊन जायचं. आणि मुळात संपूच द्यायचं नाही.

सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली. त्यानंतर बाबा विसरायला लागले. आधी चष्मा, मग नावं, मग जेवलो की नाही ते. पण रविवारची डिक्की मात्र कधी विसरले नाहीत.

तर... नवतपा सुरू होता. नागपूरकरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते – उन्हाळ्यातले सगळ्यात जाळणारे ते दिवस. दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. प्रशांत कामानिमित्त हैदराबादला होता आणि मी बाबांसाठी घरूनच काम करत होते. आदल्या दिवशी रविवार. बाबांनी डिक्की आवरली, कॅन माझ्यासमोर पुसून आत ठेवली आणि संध्याकाळी माझ्यामागे लागून टाकी फुल करवून घेतली. हे मी मुद्दाम लिहितेय, लक्षात ठेवा. गाडीची चाबी एकच आणि ती माझ्या पर्समध्ये असते, कारण बाबांच्या हाती ती लागू द्यायची नाही असं आमचं ठरलेलं होतं.

सोमवारी दुपारी जेवून बाबा कूलरसमोर झोपले. मी आतल्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये. बाहेर आले तर कूलर चालू, खाट रिकामी, दार उघडं. चपला नाहीत, टोपी नाही. मोबाईल तेवढा उशीजवळ.

तलावाकडे धावले, देवळात गेले, बाबांच्या मित्राकडे गेले. कुठंच नाहीत. प्रशांत फोनवरून पोलिसांशी बोलत होता आणि मला धीर देत होता. अशा उन्हात ऐंशीला आलेला माणूस किती वेळ टिकेल, हा एकच विचार डोक्यात. कोपऱ्यावरचा ऑटोवाला म्हणाला, "मास्तरले म्या बसस्टँडवर सोडलं ना. शाळेत जाचं हाय म्हणे."

शाळेत! रिटायर होऊन वीसेक वर्षं झाली, त्यात उन्हाळ्याच्या सुट्ट्या.

मी फाटकाशीच मटकन बसले आणि रडायला लागले. कुंदाकाकू स्कार्फ गुंडाळत बाहेर आल्या. "काहून वं, रडून काय राहिली? रडाले रात्र पडली हाय. चाबी घे, मी येतो!"

निघालो. रस्त्यावरचं डांबर मऊ पडलेलं, स्टिअरिंगला हात लावला तर चटका. काकू डावीकडे पाहताहेत, मी उजवीकडे. एकेक बसथांबा, एकेक टपरी, प्रत्येक झाड. काटा? काटा फुलवर होता. मी सवयीनं निघतानाच पाहिला होता, बाबांच्या धाकानं लागलेली सवय.

कळमेश्वर जवळ आलं आणि गाडीनं गचका दिला. मग आणखी एक. मी खाली पाहिलं तर काटा पार तळाला! रिझर्व्हचा दिवा लाल. आणि इंजिन बंद. गाडी स्वतःच्या वेगानं थोडी गेली, मी कशीबशी कडेला घेतली आणि एका झाडाच्या सावलीत ती थांबली.

"काल तर भरली म्हणत होती ना तू?" काकू म्हणाल्या.

"भरली होती हो काकू! फुल केली होती!" मी स्टिअरिंगवर बुक्क्या मारल्या. देवाला, गाडीला, पंपवाल्याला, सगळ्यांना शिव्या घातल्या. आत्ताच! आत्ताच मरायचं होतं का हिला! मग बाबांचा नियम आठवला. एकानं थांबायचं, एकानं कॅन घेऊन जायचं. काकूंना म्हटलं, तुम्ही बसा, मी जाते. उतरून डिक्की उघडली.

पाणी होतं, छत्री होती, गोणपाट, दोर, डबा, कांदे... सगळं जागच्या जागी. कॅन नव्हती.

तिच्या जागी नुसता गोल डाग. मी सगळं उपसलं. नाही म्हणजे नाही. आता मात्र मला रडूही येईना. आणि तेवढ्यात, उतरून झाडाकडे गेलेल्या काकू ओरडल्या, "मायबाई! स्मिता, पाह्य तिकडे!"

झाडाच्या बुंध्यामागे रस्त्याची कड एकदम खाली उतरते. तिथं मुळांवर पाठ टेकवून बाबा बसले होते. टोपी नीट, पाय लांब केलेले, तोंड तांबडंलाल. हात लावला तर तव्यासारखा तापलेला, घामाचा थेंब नाही. झाड कडुलिंबाचं होतं, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही. नंतर काकूंनी सांगितलं.

मग आम्ही दोघींनी बाबांचा संसार बाहेर काढला. गोणपाट भिजवून त्यांच्या अंगावर घातलं, छत्री उघडली, माझी ओढणी ओली करून मानेवर आणि काखेत ठेवली, काकू पुठ्ठ्यानं वारा घालत होत्या. मीठ-साखरेचं पाणी घोट-घोट दिलं. जे-जे लागत होतं ते हाताशी येत होतं. ज्या डिक्कीला मी हसत होते, तिच्यातलंच सामान कामी आलं.

थोड्या वेळानं त्यांनी डोळे नीट उघडले. मला ओळखलं!

"आली का पोरी? पेट्रोल भेटलं?"

"बाबा, इथं कशाला बसलात हो तुम्ही? जीव गेला असता ना!"

"तुह्या सासूनं बसवलं," ते अगदी सहज म्हणाले. "म्हणे, दरवेळी तुम्हीच जाता. आज तुम्ही गाडीपाशी थांबा, मी जातो कॅन घेऊन. पळसाची कॅन घेऊन गेली ना ते. तुमाले भेटली नाही का रस्त्यात?"

काकूंचा वारा घालणारा हात थांबला. आम्ही एकमेकींकडे पाहिलं, आणि खरं सांगते, त्या रणरणत्या उन्हात माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पण भीती म्हणाल तर... नाही वाटली. कुणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटलं.

त्यांना लगेच दवाखान्यात न्यायला हवं होतं आणि गाडी बंद. मी अॅम्ब्युलन्ससाठी फोन काढला. काकू म्हणाल्या, "एकडाव चाबी मारून त पाह्य."

"काकू, टाकी कोरडी आहे."

"मार म्हटलं ना!"

मी चाबी फिरवली. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. आणि माझ्या डोळ्यांदेखत काटा तळातून उठला, सरसर वर गेला आणि फुलवर जाऊन थांबला.

एसी लावून, बाबांना मागच्या सीटवर काकूंच्या मांडीवर आडवं करून मी गाडी कशी हाणली ते मलाच ठाऊक. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, आणि पाणी-ओल्या कपड्यांचं जे केलंत त्यानं वाचले. प्रशांत मिळेल त्या गाडीनं आला आणि दवाखान्याच्या पायरीवर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. चौथ्या दिवशी बाबा घरी येऊन कूलरसमोर पन्हं पीत बसले होते आणि पन्ह्यात गूळ कमी आहे म्हणून कुरकुरत होते! ती कुरकुर ऐकून मला इतका आनंद झाला म्हणून सांगू.

आता स्पष्टीकरणं. ती मीही शोधली, आकडा जुळल्याशिवाय मला झोप येत नाही. मेकॅनिकनं पंप, वायरिंग, काटा सगळं तपासलं. काहीच बिघाड नाही. उन्हानं पंप तापून गाडी बंद पडू शकते म्हणाला, काट्याचं कनेक्शनही सैल होऊ शकतं. मान्य. बाबा जुन्या सवयीनं बसमध्ये बसले, झाड दिसलं म्हणून उतरले. तेही मान्य. उन्हानं भ्रम होतो, गेलेली माणसं दिसतात. मान्य, मान्य. पण दोन्ही बिघाड नेमके त्याच झाडापाशी? मी नंतर पुन्हा तिथं जाऊन पाहिलं. गाडीतून जाताना बुंध्यामागचं काही म्हणजे काही दिसत नाही. गाडी थांबली नसती तर आम्ही शंभर टक्के पुढे शाळेकडे निघून गेलो असतो, आणि बाबा तिथंच...

आणि कॅन? चाबी माझ्याकडे, डिक्की बंद. प्रशांत म्हणतो, तूच कुठंतरी काढून ठेवली असशील. घर उलथंपालथं केलं, सापडली नाही. कुणाकडे याचं उत्तर असेल तर खरंच कळवा. "कॅन कशी गेली" एवढंच सांगितलं तरी चालेल.

बाबांचं विसरणं आहेच, पण तब्येत छान आहे. पुन्हा चित्रं काढायला लागलेत. आम्ही आता दाराला वरून कडी लावतो, त्यांच्या खिशात आमचे नंबर ठेवतो, आणि अर्धी टाकी झाली की मी कुणी न सांगता पंपावर जाते.

मागच्या रविवारी मी बाजारातून नवी कॅन आणून डिक्कीत ठेवली. बाबांनी सगळं पुसून जागेवर लावलं आणि ती तेवढी उचलून माझ्या हातात परत दिली.

"अहो बाबा, असू द्या ना. वेळेला लागली तर?"

"दोन-दोन कॅना कायले पाह्यजेत?" म्हणाले. "एक घेऊन ते येऊन राहिली ना. आपण फक्त गाडीपाशी थांबाचं."