चव्वेचाळीसवर आत्याचं व्हायोलिन

संशय हा माझा जुना आजार. भाजीवाल्याने एखादं वांगं उगाच जास्त घातलं, तर मी आधी ते कापून पाहतो. तंजावरला राजवाड्यामागच्या गल्लीत, घराच्या मधल्या खोलीत बसून मी माहितीपटांना पार्श्वसंगीत देतो. इथे मोठा वाद्यवृंद आणणार कुठून? परदेशी वादकांचे एकेक सूर ध्वनिमुद्रित करून विकतात, तो संग्रह संगणकात ठेवायचा. एक पट्टी दाबली की चाळीस व्हायोलिनं वाजतात. इतक्या सहज जे मिळतं त्यात खोट असणारच, असं मला पहिल्यापासून वाटायचं.

ओरत्तनाडूच्या छत्रावरच्या, म्हणजे मराठा राजांच्या जुन्या धर्मशाळेवरच्या, माहितीपटात त्या चाळिसांच्या पुढे मला एक खरं व्हायोलिन हवं होतं, आणि ते आत्याचंच. आत्याने जन्मभर गायकांना साथ केली. तिच्या एकटीच्या वादनाचं एकही ध्वनिमुद्रण नव्हतं. आता बोटं आखडू लागली होती. "हें एक वाजवतें, मग व्हायोलिनची पेटी बंद," ती म्हणाली होती.

ती चटईवर मांडी घालून बसली, व्हायोलिनचं टोक पायाच्या घोट्यावर टेकवलं आणि कानांवर हेडफोन चढवला.

"हे लोक घाईंत आहेत रे," ती म्हणाली. "सूर किती भराभर हालवतात बघ. आणि श्रुती? दीड कट्टै नाही, दोन कट्टै नाही. मधेंच कोठें तरी." कट्टै हे आमच्याकडचं श्रुतीचं, म्हणजे आधाराच्या सुराचं, माप.

"ते असेच वाजवतात, आत्या."

दुसरा कुणी असता तर त्याने आधी माझं यंत्र तपासायला लावलं असतं. पण आमच्या घरचा शिरस्ता असा की साथीला बसणाऱ्याने मुख्य कलाकाराच्या श्रुतीला नावं ठेवायची नाहीत, गुपचूप जुळवून घ्यायचं. मलाही काही खटकलं नाही. सूर कुठे आहे हे आमच्याकडे कुणी पाहत नाही, जुळला की नाही एवढंच पाहतात. तिने खुंट्या पिळल्या, तारा वर चढवल्या आणि एका दमात वाजवलं. माझे डोळे भरून आले.

आठवड्याने चेन्नईहून दिग्दर्शकाचा फोन आला. वाद्यवृंद झकास आहे, पण व्हायोलिन सुस्त वाटतं. बाई दमल्या असाव्यात, संग्रहातलंच घाला.

मी पुन्हा ऐकलं. माझ्या खोलीत सगळं ठीक होतं. म्हणजे हा माणूस लबाड, त्याला म्हातारी नकोच होती, असं मी ठरवून टाकलं. मग संग्रह विकणाऱ्यांवर घसरलो: हलक्या दर्जाची प्रत गळ्यात मारली असेल. शेवटी तीच फाइल आत्याच्या फोनवर लावली. तिथे मात्र व्हायोलिन खरंच रेंगाळत होतं.

"ही मी नव्हे," ती म्हणाली.

माझे स्पीकर चांगले, ते तिचं वय झाकतात, असा निष्कर्ष मी काढला. आणि बोलूनही गेलो, "वय झालं, आत्या. हात जड झालाय तुझा."

ती वाद घालणारी बाई. पण त्या दिवशी ती फोन उचलून आपल्या खोलीत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिच्या खोलीत डोकावलो तर व्हायोलिनच्या तारा सैल सोडलेल्या होत्या, गज फडक्यात गुंडाळलेला होता. मी मधल्या खोलीत येऊन तिच्या जागी संग्रहातलं व्हायोलिन बसवायला घेतलं. माइक, हेडफोन आणि स्पीकर जोडायचा डबा पुढे ओढला तेव्हा त्याच्यावरचा आकडा दिसला: अठ्ठेचाळीस. संगणकातलं काम होतं चव्वेचाळीसवर. मागच्या एका कामासाठी डबा मीच अठ्ठेचाळीसवर नेला होता आणि विसरलो होतो.

आवाजाचे सेकंदाला किती तुकडे करायचे, त्याचा हा हिशेब. संगणक चव्वेचाळीस हजारांवर तुकडे देत होता आणि डबा ते अठ्ठेचाळीस हजारांच्या वेगाने संपवत होता. त्यामुळे माझ्या खोलीत वाद्यवृंद चढा आणि घाईत वाजत होता. आत्या त्या घाईला जुळली. फाइल घराबाहेर पडली, वाद्यवृंद आपल्या मूळ जागी उतरला आणि तिलाही खाली ओढून घेऊन गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती मी माझ्या हाताने दिली होती.

मला स्वतःची लाज वाटली. तसाच आत गेलो, तिच्यासमोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं. "तुझा कान बरोबर होता. हातही. चुकलो मी."

"म्हणजे ते घाईंत होते, हें खरें?"

"खरं."

"तूं सर्वांवर संशय घेतलास. त्या डब्यावर तेवढा नाही."

तिने गजावरचं फडकं सोडलं. खुंटी फिरवताना तिची बोटं दोनदा घसरली. मी हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला.

"डबा नीट केलाय," मी म्हणालो. "त्यांचा सूर लावून देतो, तू जुळवून घे."

"जन्मभर जुळवून घेतलें," ती तार छेडत म्हणाली. "आतां त्या चाळीस जणांना सांग, माझ्या श्रुतीला या."